पाय चोरणारा घोडा

काल रात्री काकांचा फोन आला. "डॉक्टर, यंदा सोन्याला स्पर्धेला आणू का?" एवढंच विचारलं त्यांनी. सोन्या म्हणजे त्यांचा म्हातारा घोडा. मी "येऊन बघते, मग सांगते" म्हटलं. तेव्हापासून गेल्या जानेवारीतला तो दिवस डोक्यातून जात नाही.

मी नाशिकची पशुवैद्य. दिवसाचे बहुतेक फोन सिन्नर-दिंडोरीकडच्या गाईंचे असतात. घोडे थोडेच, वरातीचे आणि रायडिंग क्लबांचे. गंगापूर धरणाच्या बाजूला उड्यांची एक छोटी स्पर्धा होते, तिथे सकाळची तपासणी माझ्याकडे असते. ज्याचा पाय दुखतोय त्याला मैदानात उतरू द्यायचं नाही, हे माझं काम.

घोडा सांगत नाही, दाखवतो. म्हणून मी आधी तळहात नाही, हाताची मागची बाजू चारही पायांवरून फिरवते, ऊब तिथे लवकर कळते. खुराच्या वर, घोट्याच्या मागे बोटं टेकवून नाडी बघते. खुरात दाह असेल तर ती ठणठण उडते. मग मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, सांगते, लगाम सैल सोड आणि डांबरी रस्त्यावर सरळ दुडकीनं पळव. तेव्हा मी आधी ऐकते. निरोगी घोड्याच्या टापा एकसारख्या पडतात. दुखरा पाय हलका पडतो, कारण घोडा तो चोरतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते, मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे मागचा मांसल भाग, जास्त हलतो. चाळीस पावलांत हे सगळं पकडायचं असतं. ही नजर कमवायला मला दहा वर्षं लागली आणि तिचा मला अभिमान आहे.

सोन्या सतरा वर्षांचा. मागच्या उजव्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यात, संधिवात. वर्षभर मीच त्याला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देते, त्याच्या 450 किलो वजनाला 270 मिलिग्रॅम, दाण्यात कालवून. डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक मी कधीच दिलं नसतं, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे आणि का बंद आहे हे अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं बघणाऱ्या नाशिककराला सांगावं लागत नाही. तर औषधावर सोन्या मजेत असतो. काकांची नात त्याच्यावर बसते, दोन फुटांच्या उड्या मारते, आणि खोगीर दिसलं की तो स्वतःहून पुढे येतो.

स्पर्धेच्या नियमावलीत मात्र एक ओळ होती: कुठलंही वेदनाशामक चालणार नाही. काका सरळ माणूस. आठ दिवस आधी औषध बंद केलं. वर निफाडकडची थंडी. त्या सकाळी सोन्या गाडीतून उतरला तोच पाय ओढत. पळवल्यावर प्रत्येक पावलाला पुठ्ठा झटका खात होता. मी त्याला बाद केलं. नात रडली नाही, आयाळीत तोंड खुपसून उभी राहिली. काका म्हणाले, "डॉक्टर, मी गुडघ्याला गोळी घेऊन ब्रह्मगिरीची फेरी करतो, मला कोणी अडवत नाही. ह्याला आठ दिवस दुखू दिलं, ते नियमासाठी. मग ह्याचं भलं कशात झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांचं म्हणणं खरंच आहे. माणसांच्या खेळात अशा साध्या वेदनाशामकांवर उत्तेजक-विरोधी यादीत बंदी नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय घोडेस्पर्धांत ठरावीक मात्रेपर्यंत फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक चालतं, घोडेवाले त्याला 'ब्यूट' म्हणतात. घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेनंही 2009 साली कोपनहेगनच्या सभेत थोड्या मात्रेला निसटत्या बहुमतानं परवानगी दिली होती. पण इतका गदारोळ झाला की ती अमलात आलीच नाही आणि 2010 मध्ये तैपेईच्या सभेनं पुन्हा नाहीच म्हटलं.

त्या सकाळी सोन्यानंतर चार घोडे सोडून एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा घोडा, आला, नऊ वर्षांचा, देखणा. टापा घड्याळासारख्या. पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागे, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडामागे, मला किंचित ऊब वाटली. पुन्हा हात फिरवला, उजव्याशी ताडून पाहिलं. होती की नव्हती, शपथेवर सांगता आलं नसतं. ओठाच्या कोपऱ्यात गुळाचा चिकट डाग आणि त्यात पांढरी पूड अडकलेली. विचारलं तर मोतद्दार म्हणाला, "जंताचं औषध दिलंय, मॅडम." मालक शेजारी उभा, फोनवर बोलत. नमुना घ्यायला माझ्याकडे ना बाटली, ना पाठवायला प्रयोगशाळेची सोय. आयोजकांनी नियम छापले होते जगातल्या मोठ्या स्पर्धांचे, पण एका रक्ततपासणीचाही खर्च धरला नव्हता. ह्याचा मला आजही राग आहे. तपासायचं नसेल तर नियम फक्त काकांसारख्या प्रामाणिक माणसाला लागू होतो.

घोडा लंगडत नव्हता. मी त्याला पास केलं. त्यानं फेरी बिनचूक मारली आणि बक्षीस घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या मालकाचा फोन. जाऊन बघते तर डाव्या पायाची नळी मागून धनुष्यासारखी फुगलेली, खुराचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं, अंगाला घाम. सोनोग्राफीत नळीमागच्या कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या, मधोमध काळं भोक दिसलं, तंतू तुटलेले. उडीवरून उतरताना सगळं वजन आधी पुढच्या एका पायावर येतं. कंडरा आधीच दुखावलेली होती आणि औषधानं दुखणं झाकलं, म्हणून त्यानं पाय चोरला नाही. चोरला असता तर मला दिसलं असतं. मोतद्दारानं मालक आत गेल्यावर हळूच सांगितलं, "दोन दिवस पूड देत होतो, मॅडम. ब्यूट." तो माझ्याकडे बघत नव्हता, घोड्याच्या पायावर थंड पाण्याची धार धरून बसला होता.

लोक ह्याला सौम्य औषध म्हणतात. जास्त दिवस दिलं तर हेच औषध घोड्याच्या पोटात आणि आतड्यात व्रण करतं, मूत्रपिंडांना त्रास देतं. पण त्या कुमैताचा घात त्यानं झाला नाही. घात झाला तो दुखणं बोलायचं थांबलं म्हणून. अशी कंडरा भरायला नऊ महिने ते वर्ष जातं आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचीक होत नाही. तो आता ठाणाला बांधलेला आहे, रोज हातानं थोडा चालवतात.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: उडी असेल, वेग असेल, तिथे वेदनाशामक नको. थोडंही नको, कारण थोडं किती हे मैदानावर कोणी मोजत नाही. पण तेवढ्यानं सोन्याचा प्रश्न सुटत नाही. मी आयोजकांना लिहून दिलं होतं की म्हाताऱ्या घोड्यांसाठी वेगळा गट करा, उड्या नकोत, नुसती चाल आणि दुडकी. कुठलं औषध चालू आहे ते डॉक्टरच्या सहीनं कागदावर येऊ द्या. नातवंडं बसतील, घोडाही खूश राहील. उत्तर आलं नाही.

उद्या सकाळी काकांकडे जायचंय. सोन्याचा हॉक वर्षात आणखी जाड झाला असणार. औषधावर तो मला बघून फुरफुरत पुढे येईल, नात खोगीर घेऊन उभी असेल. आठ दिवस गोळी बंद करा, हे त्यांना सांगायला माझी जीभ वळत नाही. आणू नका, हेही अजून म्हणवत नाही.