नवगाव ते खंडाळे, एका शनिवारासाठी

आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात नवस बोलतात तो एलियाहू हन्नाबीला, एलिया संदेष्ट्याला. मीही बोलले, पण जरा उलटा. आधी पायी येते, मग मागायचं धाडस दे. मागायचं होतं ऑफिसात. शनिवारची सुट्टी.

गेली १६ वर्षं मी ठाण्यात हिशेबाचं काम करते. शुक्रवार मावळल्यापासून शनिवारभर काम बंद ठेवायचं, तो आमचा शब्बाथ. शुक्रवारी संध्याकाळी त्याचे दिवे लावायचे, काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हणायची आणि सकाळी डबा घेऊन कामाला निघायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. चाळिशीनंतर हिब्रू अक्षरं शिकले. तोवर प्रार्थना देवनागरीत लिहिलेली वाचत होते. अक्षरं लागायला लागली आणि शनिवार बोचायला लागला. आई म्हणायची, "नोकरी सांभाळ बाई, देव समजून घेतो." तो घेत असेल. मलाच समजून घेता येईना.

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, तू बिश्वात या झाडांच्या सणाला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस असतो. त्या दिवशी नवगावहून चालायला लागले. सोबत अलिबागची आत्या.

नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. तिथे आज स्मारक आहे. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवताना भाषा विसरली, बऱ्याच प्रार्थना विसरल्या. 'शमा इस्रायल' ही एक प्रार्थना उरली, मुलांची सुंता उरली आणि शनिवार उरला. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आम्ही शनवार तेली. गावाने नाव दिलं तेच मुळी सुट्टीवरून!

आत्या सांगत होती, "आमचे आजोबा शुक्रवारी दिवस कलायच्या आत बैल सोडायचे. शनवारी गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याचं दार दाखवायचे."

"नुकसान नाही व्हायचं?"

"व्हायचं की. घरात बोलायचे त्याबद्दल. घाणा मात्र नाही जोडला कधी."

मी पुढे बराच वेळ काही बोलले नाही. त्यांच्याजवळ वाचायला पोथी नव्हती, शिकवायला हजान, प्रार्थना चालवणारा, नव्हता. माझ्याजवळ दोन्ही आहे.

अलिबागेत इस्रायल आळीतल्या मागेन आबोथमध्ये गेलो. १८४८चं सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ, १९१०मध्ये नव्याने बांधलेलं. दाराच्या चौकटीवरच्या मजुजाला, पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावली. आत्याचा गुडघा इथे बोलायला लागला. मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचं, सामान घेऊन ती रिक्षाने पुढे गेली आणि पेणच्या रस्त्याला मी एकटी उरले. ऊन चढलं होतं. शेजारून ट्रक गेला की ओढणी सावरायची आणि पुन्हा चालायचं. पर्समध्ये अर्ज होता, चार महिन्यांपूर्वी लिहिलेला, घड्यांवर फाटायला आलेला.

एलियाहूचीच गोष्ट आठवत होते. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला रागावलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, खाऊन घे म्हणाला, वाट लांबची आहे. मग ४० दिवस आणि ४० रात्री चालून तो होरेब डोंगरावर पोहोचला. लहानपणी मला त्याचा अग्निरथ आवडायचा. आता ही भाकर आवडते. मीही एका वडाखाली बसून आत्याने दिलेली घावनं खाल्ली.

खंडाळ्याला तो खडक आहे, एलियाहू हन्नाबीचा टापा. स्वर्गात जाताना त्याच्या रथाच्या चाकांचे आणि घोड्यांच्या टापांचे ठसे उमटले, अशी आमची श्रद्धा. मुंबई-ठाण्याची माणसं जमली होती. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं. पुरुषांनी एलियाहूचं गाणं धरलं, आम्ही बायकांनी मागून उचललं. फळांवरचा बेराखा, आशीर्वादाची प्रार्थना, पहिल्यांदाच मी पुस्तकातल्या हिब्रू अक्षरांवर बोट ठेवून म्हटला. डोळे भरून आले, पुढची ओळ दिसेना. आत्याने ती पाठ म्हटली आणि मी तिच्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर मलिद्याचा डबा ठेवला आणि शेजारी अर्ज.

त्यांनी तो वाचला. "महिनाअखेरीला काय करणार?"

"रविवारी येईन. शुक्रवारी मात्र दिवस मावळायच्या आत निघेन."

"आणि नाही जमलं तर?"

रात्रभर या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं, ते आठवेना. म्हटलं, "साहेब, येत्या शनिवारपासून मी येणार नाही."

त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. डबा उघडून विचारलं, "हे काय आहे?"

मी खुर्ची ओढून बसले आणि नवगावपासून सांगायला सुरुवात केली.