खरं सांगितलं म्हणून नापास?

"खरं सांगितलं म्हणून नापास व्हय गं?" आईनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि मला काय बोलावं तेच सुचेना.

रात्रीचे साडेदहा, विश्रामबागेतलं आमचं घर, आणि ती चष्मा लावून १२ मिनिटं, भरला की पैसे मिळतात असा ऑनलाईन सर्व्हे भरत बसलेली. वय, शिक्षण, घरात माणसं किती, गाडी आहे का, महिन्याचं उत्पन्न. उत्पन्नापाशी थांबली, बोटावर हिशोब केला, हळद निवडायच्या कामाचे पैसेसुद्धा धरले आणि मग टिक केलं. लगेच स्क्रीनवर आलं, तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही, धन्यवाद. पैसे शून्य.

असं का होतं ते मला माहितीय, कंपनीला ठराविक गिऱ्हाईकाचंच मत हवं असतं, त्यात बसला नाही किंवा हवी तेवढी माणसं मिळून कोटा भरला की बाहेर. रजिस्ट्रेशनला पैसे मागितले तर ती फसवणूक, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, हे तिला पाठ आहे. पण इथं कुणी पैसे मागितलेच नाहीत. तिची १२ मिनिटं तेवढी गेली आणि घरची सगळी माहिती त्यांच्याकडं राहिली.

झोपताना म्हणाली, "उद्या उत्पन्न जास्त लिहू का?"

काय सांगू तिला?