इंडियन स्प्रिंग्जला आठवीचा वर्ग

अमेरिकेतल्या जॉर्जियात आठवीला राज्याचा इतिहास असतो आणि त्यात विल्यम मॅकिंटॉश हमखास येतो. बाप स्कॉटिश, आई क्रीक या मूळ अमेरिकी जमातीतली. क्रीक लोकांत कूळ आईकडून येतं, त्यामुळे तो त्यांच्यातलाच, आणि मोठा पुढारी. एरवी मी त्याला फळ्यापुढे उभी राहून शिकवते. या वेळी वर्गाला थेट बट्स काउंटीत, इंडियन स्प्रिंग्जला नेलं.

मुलांनी आधी गंधकाचा झरा गाठला. नाक दाबून का होईना, पाणी चाखलं. मग मॅकिंटॉशने १८२३ मध्ये बांधलेलं लाकडी हॉटेल. इथेच १२ फेब्रुवारी १८२५ रोजी त्याने आणि त्याच्या बाजूच्या काही प्रमुखांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या करारावर सह्या केल्या आणि जॉर्जियातली क्रीकांची उरलेली जमीन देऊन टाकली. जमातीच्या परिषदेला न विचारता जमीन विकली तर मृत्युदंड, हा क्रीकांचा कायदा त्याला पक्का ठाऊक होता.

मी कराराची प्रत वाचून दाखवत होते. दोन दिवसांनी जोडलेलं कलम आलं. १८२१ च्या करारात या झऱ्याभोवतीची १००० एकर आणि ओकमल्गी नदीकाठची ६४० एकर जमीन राखून ठेवलेली होती. तिच्या बदल्यात मॅकिंटॉशला २५,००० डॉलर. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे आपण उभे आहोत ती जागापण विकली?"

हो, तीपण.

मग जी जुंपली! एक मुलगी म्हणाली, गोरे जमीन घेणारच होते, त्याने निदान पैसे तरी मिळवले. दुसरी उसळली, "पण जमीन त्याच्या एकट्याची होती का?" मला या दुसरीचंच पटतं, आणि मी ते मुलांना सांगितलं. शिक्षकाने बाजू घेऊ नये म्हणतात. इथे मला गप्प राहवलं नाही.

परतताना बसमध्ये पुढचं सांगितलं. ३० एप्रिल १८२५ ला परिषदेच्या हुकमाने क्रीक प्रमुख मेनावा माणसं घेऊन मॅकिंटॉशच्या चॅटाहूची नदीकाठच्या घरावर गेला, घर पेटवलं आणि त्याला ठार केलं. तो करार पुढे रद्द झाला, पण १८२६ च्या नव्या कराराने जॉर्जियातली बहुतेक जमीन गेलीच.

"आणि मेनावाचं काय झालं?" त्याच अबोल मुलाने विचारलं. पुस्तकात मेनावावर जेमतेम एक ओळ आहे. १८३६ मध्ये त्यालाही घरदार सोडून पश्चिमेला जावं लागलं, हे सांगितलं. पुढचा तास मी मेनावासाठी ठेवला आहे.