सपाट मुलखासाठी कॅमेरा घेताना

निसर्गदृश्यांसाठी कॅमेरा कोणता घ्यावा, याचा मराठीतला बहुतेक सल्ला सह्याद्रीतून येतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, दरीतून वर चढणारे ढग, कड्याच्या टोकाशी उभा असलेला माणूस. तिथे वाइड लेन्स, म्हणजे समोरचं रुंद दृश्य एका चौकटीत घेणारी लेन्स, लागतेच, कारण समोरचं दृश्यच अंगावर येणारं असतं. मी राहते नागपुरात. आमच्याकडे गाडी काढून तासभर कुठल्याही दिशेला गेलं तरी जमीन सपाट. मधूनच एखादी टेकडी, तलाव, सागाचं जंगल, धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं), आणि या सगळ्यावर भलंमोठं आकाश. या मुलखाचे फोटो काढायला नेमकं काय लागतं हे शोधताना जे हाती लागलं ते लिहिते आहे, कारण मला ते आयतं कुठे वाचायला मिळालं नाही.

सुरुवात अर्थातच मोबाईलने झाली. मनसरहून रामटेककडे वळलं की गडाची टेकडी समोर येते. डोळ्यांना ती चांगली उंच वाटते, देवळांचे कळस मोजता येतात. फोनमध्ये मात्र ती रस्त्याच्या शेवटी एक बारीक उंचवटा होऊन बसते. झूम केलं की झाडांची पानं जातात आणि त्यांच्या जागी हिरवे फराटे येतात. फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, फार लहान असतो, त्याच्यापर्यंत न पोचलेला तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. चेहऱ्यांच्या बाबतीत ते खपून जातं, गवताच्या आणि झाडांच्या बाबतीत लगेच उघडं पडतं.

माझा भाचा लग्नांचं शूटिंग करतो. त्याला विचारलं, कोणता कॅमेरा घेऊ? तर तो म्हणाला, "मावशी, आधी हे सांग, तू फोटो कशाचे काढून राहिली? अन् ते वजन घेऊन चालशील किती?" मग त्याने एक काम दिलं. फोनमधले मनापासून आवडणारे फोटो वेगळे काढायचे आणि त्यातले कापून घेतलेले कोणते ते पाहायचं. रविवारी दुपारी बसून ते केलं. जवळजवळ सगळेच कापलेले निघाले. आकाश उडवलेलं, पुढचा रस्ता उडवलेला, मधली टेकडी किंवा झाडांची एक रांग तेवढी ठेवलेली. माझी नजर काय निवडते ते त्या फोटोंनीच सांगितलं. कॅमेरा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगते. त्याला पैसा लागत नाही.

तरीही मनात वाइड लेन्स होतीच. निसर्ग म्हणजे वाइड, हे इतक्या वेळा ऐकलं होतं. भाच्याने त्याचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरशाचा कॅमेरा) दिला, १०-२० मिमीची वाइड लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने मिळाली, आणि त्याचीच लांब पल्ल्याची ७०-३०० बरोबर घेतली; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ येतं. नागपुरात लग्नसराईमुळे कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणारे बरेच आहेत. ओळखपत्र आणि अनामत ठेवली की काम होतं. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर एकाच जागी उभं राहून दोन्ही लेन्सनी फोटो काढले. वाइडमध्ये खाली पाणी, वर आकाश, आणि मधे पलीकडच्या टेकड्यांची एक रेघ. जे पाहायला गेले होते ते त्या रेघेतच राहून गेलं. ७०-३०० लावली तेव्हा त्याच टेकड्या एकीमागे एक उभ्या राहिल्या. पुढची गडद, मागची फिकट, त्यामागची निळसर. दूरची टेकडी जितकी लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका निळा प्रकाश जास्त विखुरतो. सपाट मुलखात खोली दिसते ती या हवेच्या थरांमुळे, आणि ते थर लांब पल्ल्याच्या लेन्सला पकडता येतात. वाइड लेन्सला पुढ्यात काहीतरी भक्कम लागतं, खडक किंवा झाडाचं खोड. आमच्या मोकळ्या शेतांत ते दर वेळी असेलच असं नाही.

इथे निवड निम्मी झाली होती. राहिला प्रश्न सेन्सरच्या आकाराचा, मोठा फुल फ्रेम की लहान एपीएस-सी. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सीचा साधारण २३.५ × १५.६ मिमी. अंधुक उजेडात, हातात धरून, हलणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे तर मोठ्या सेन्सरचा फायदा ठळक दिसतो. ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवून टेकडीचा फोटो काढताना तो फरक बराच कमी होतो. उलट लहान सेन्सरवर २५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ३७५ मिमीएवढा घट्ट फोटो देते, आणि तीही हलक्या वजनात. मला हेच हवं होतं.

सीताबर्डीच्या एका दुकानात निकॉन झेड ५०, कॅनन आर १० आणि सोनी ए ६४०० तिन्ही हातात घेऊन पाहिले. तिन्हींतून उत्तम फोटो निघतात, त्यात शंका नको. झेड ५० ची मूठ माझ्या हातात नीट बसली. दोन डायल, एक अंगठ्याखाली आणि एक तर्जनीखाली, न पाहता सापडत होत्या. पहाटे साडेपाचच्या अंधारात याचं मोल कळतं. शिवाय १६-५० आणि ५०-२५० या दोन लेन्स त्याच्यासोबत जोडीने मिळत होत्या. ५०-२५० चं वजन ४०५ ग्रॅम. नोव्हेंबर २०२४ मध्ये याचा पुढचा अवतार, झेड ५० टू, जाहीर झाला. त्याचा ऑटोफोकस खूपच तेज आहे, पण सेन्सर तोच २०.९ मेगापिक्सेलचा. पक्षी टिपायचे असते तर मी नवाच घेतला असता. २०.९ मेगापिक्सेल म्हणजे ५५६८ × ३७१२ पिक्सेल, ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) साडेअठरा इंच रुंद प्रिंट. लॅबमध्ये १२ × १८ चा प्रिंट सहज मिळतो, त्याला हे बरोबर पुरतं.

खरेदीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका ठिकाणी बिलाशिवाय घेतलं तर रक्कम कमी करू म्हणाले. मी नाही म्हटलं आणि जीएसटीच्या बिलासकट, भारतातल्या वॉरंटीचा झेड ५० दुसरीकडून घेतला. उरलेले पैसे ट्रायपॉडवर खर्च केले. या कॅमेऱ्याच्या बॉडीत हात हलला तरी फोटो सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, ते लेन्समध्ये आहे, त्यामुळे ट्रायपॉड चांगलाच हवा. मधला दांडा शक्यतो वर काढायचा नाही, बॅग खाली अडकवायची, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं हे स्टॅबिलायझेशन (निकॉन त्याला व्हीआर म्हणतं) बंद करायचं.

शिकणं मात्र पुष्कळ होतं, आणि त्यात फार आनंद मिळाला.

पहिला धडा फोकसचा. १६ मिमीला एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून दीड-पावणेदोन मीटरवर फोकस केलं की जवळपास पायापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पुस्तकात याला हायपरफोकल अंतर म्हणतात. पण हेच गणित २०० मिमीला मांडलं तर ते अंतर सुमारे २५० मीटर निघतं. म्हणजे १२५ मीटरच्या अलीकडचं काही चौकटीत असेल तर ते धूसर होणारच. म्हणून लांब लेन्स लावली की मी आधी चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू किती दूर आहे ते पाहते. बांधावरचं बाभळीचं झाड पन्नास मीटरवर असेल तर एक तर मागे सरकते किंवा त्याला बाहेर ठेवते. एफ १६ किंवा एफ २२ करून सगळं जुळवायचा मोह होतो, पण या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, एकूण फोटोच मऊ पडायला लागतो.

दुसरा धडा आमच्या उन्हाचा. मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलंय. तेवढ्यावरून काही लगेच बंद पडत नाही, तरी बंद गाडीत कॅमेरा ठेवून जाणं मी टाळते. त्याहून मोठी अडचण हवेची. आठ वाजून गेले की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, तिचे थर प्रकाश वाकवतात आणि २५० मिमीतून पाहिलं की टेकडीची कड थरथरताना दिसते. अशा वेळी फोकस, ट्रायपॉड, शटर स्पीड सगळं बरोबर असूनही फोटो मऊ येतो. जगातली सगळ्यात महाग लेन्सही इथे काही करू शकत नाही. उपाय एकच, पहाटे निघायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं.

पहाटेच्या वेळेचंही इथलं गणित वेगळं. नागपूर ७९ अंश रेखांशावर आहे, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे. म्हणून आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पुण्या-मुंबईच्या कुणाच्या व्हिडिओतली वेळ धरून निघालात तर चांगला उजेड वाटेतच संपेल.

ऑक्टोबरच्या शेवटी मनसर-रामटेक रस्त्यावर काढलेला एक फोटो जरा तपशिलात सांगते, कारण बऱ्याच गोष्टी त्यातून पक्क्या झाल्या. धान पिवळं पडलेलं, बांध्यांवर गुडघाभर धुकं, मागे गडाची टेकडी आणि तिच्यामागून येणारा सूर्य. पश्चिमेकडून पाहत असल्याने टेकडी पूर्ण काळी. सुमारे १४० मिमी, एफ ८, आयएसओ १००. पहिल्या फोटोत हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ भागांचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला, म्हणजे सूर्याभोवतीचं आकाश पूर्ण पांढरं. तो तपशील नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचा आकडा) उणे ०.७ वर आणलं, मग उणे १ वर. स्क्रीनवर फोटो काळपट दिसायला लागला, पण हिस्टोग्राम भिंतीपासून सुटला. सावलीतला तपशील रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीत, शिल्लक असतो, तो नंतर उजळता येतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर असताना कॅमेरा धुक्यातला केशरी रंग धुऊन राखाडी करत होता. तो थेट उन्हाच्या सेटिंगवर ठेवल्यावर डोळ्यांना दिसणारा रंग आला. शेजारच्या बांधीत आलेले एक काका बराच वेळ पाहत होते. "सूर्याचा काढून राहिल्या का जी?" म्हणाले. स्क्रीन दाखवली तर टेकडीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बरं आलं. आमची बांधी पण आली."

घरी आल्यावर निकॉनचं फुकट मिळणारं एनएक्स स्टुडिओ वापरते. सावली थोडी वर, रंग फारसे नाही. धुरकटपणा काढणाऱ्या सोयी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण माझ्या फोटोंत मी त्या वापरत नाही. आमच्या टेकड्यांचं सौंदर्यच त्या धुरकट थरांत आहे, ते पुसून उरणार काय?

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. आपल्या घरात मार्च ते जून कूलर चालतो. कूलरची ओली हवा आणि नंतरचा पावसाळा, दोन्ही लेन्समध्ये बुरशी धरायला पोषक. कूलर असलेल्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि ओलावा दाखवणारा एक छोटा मीटर एवढं पुरतं. जेलचा रंग बदलला की भांड्यात हलकं गरम करून पुन्हा वापरता येतं. बुरशी लागलेली लेन्स साफ करायचा खर्च ऐकलात तर हा डबा आजच आणाल.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, नंतर घेतला, ६२ मिमीचा, ५०-२५० साठी. पावसाळ्यानंतर सागाच्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि हिरवा रंग खरा दिसतो. आकाशावर मात्र सूर्य डाव्या किंवा उजव्या बाजूला असताना तो जास्तीत जास्त काम करतो, समोर किंवा पाठीमागे असताना जवळपास नाहीच.

आता फेब्रुवारीत पळस फुलेल, तेव्हा काटोल रस्ता. आणि पेंच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. ताऱ्यांसाठी मात्र माझी ५०-२५० उपयोगाची नाही, आणि १६-५० सुद्धा एफ ३.५ पेक्षा जास्त उघडत नाही. १६ मिमीला शटर वीसेक सेकंदांच्या पुढे उघडं ठेवलं की तारे ठिपके न राहता रेघा होतात. तिथे एफ २ किंवा त्याहून जास्त उघडणारी वाइड लेन्स हवी. ती विकत घेणार नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, अमावास्येच्या आसपास लग्नं नसतील तेव्हा दोन दिवस भाड्याने आण.