साखर चवीसाठी नसते

"ओआरएसमध्ये साखर चवीसाठीच असते ना? मग अजून दोन-तीन चमचे घातले तर काय बिघडतं?" जुलाबात पाजतात त्या मीठ-साखरेच्या द्रावणाबद्दल आज कानावर पडलेला हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

बिघडतं. बरंच बिघडतं.

लहान आतड्यातल्या पेशींच्या पटलात एसजीएलटी१ नावाचं प्रथिन असतं. ते मिठातल्या सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा, म्हणजे ओआरएसमधल्या साखरेचा, एक रेणू जोडीनेच आत घेतं. ग्लुकोज नसेल तर या दारातून सोडियमला वाट नाही. दोघं आत शिरले की मागोमाग पाणी ओढलं जातं. पेशीच्या मागच्या बाजूला पंप अखंड चालू असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा एक रेणू. पेशीतलं सोडियम असं कमी राहतं, म्हणून तर पुढचं दार चालतं. सोडियम-ग्लुकोजची ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

कॉलऱ्यात आतडं भडाभडा पाणी सोडत असतं, तरी हे दार शाबूत राहतं! यातलं सगळ्यात विलक्षण मला हेच वाटतं.

आता ते जादा चमचे. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम. तयार द्रावणाची तीव्रता, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या कणांचं माप, २४५ मिलिऑस्मोल, रक्ताची साधारण २९०. साखर वाढवली की आतड्यातलं द्रावण रक्ताहून तीव्र होतं आणि पाणी उलटं, शरीरातून आतड्यात येतं. जुलाब वाढतात. तेच पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर तीव्रता थेट ४९०, शिवाय रक्तातलं सोडियम वाढायची भीती.

तुमच्या घरातल्या कुठल्या भांड्यात बरोबर एक लिटर मावतं, मोजून पाहिलंय?