बहाव्याला पाणी घालताना

नाशिकच्या आमच्या अंगणात वर दीड-दोन फूट काळी माती आणि तिच्याखाली मुरूम आहे. तिथे लावलेला माझा पहिला बहावा उन्हाने नव्हे, माझ्या पाण्याने गेला. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे झुकू लागला की मी दोन्ही वेळा बुंध्याशी बादलीभर पाणी ओतत असे. काळ्या मातीने ते धरून ठेवले, मुळांना हवा मिळेनाशी झाली, आणि पिवळी पडणारी पाने तहानेची खूण समजून मी पाणी आणखी वाढवले. रोप उपटले तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली होती. त्याची हळहळ मला अजून वाटते.

दुसरे झाड बियांपासून केले. बहाव्याची शेंग हातभर लांब असते आणि आत आडव्या पडद्यांचे कप्पे असून काळ्या चिकट गरात एकेक बी बसलेली असते. बीचे कवच फार टणक असल्यामुळे एक कड पॉलिश पेपरने घासून बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्याच पेरल्या. रोप वीतभर होताच, सोटमूळ पिशवीत गोल फिरण्याआधी, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर मुरूम लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात लावले.

या वेळी आळे बुंध्यापासून दूर केले, त्यात पालापाचोळा पसरला आणि पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांतून एकदाच, पण खोलवर मुरेल इतके पाणी दिले. वरवरच्या रोजच्या पाण्याने मुळे वरच राहतात. ओल खाली असेल तर ती खाली जातात. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी महिन्यातून एकदा, नंतर पूर्ण बंद.

सहाव्या वर्षी मार्चमध्ये पाने गळाली तेव्हा शेजारच्या काकूंनी "वाळला का हो तुमचा बहावा?" असे काळजीने विचारले, आणि मलाही क्षणभर बादली उचलावीशी वाटली. ती उचलली नाही. एप्रिलअखेर त्याच उघड्या फांद्यांवरून पिवळे घोस खाली लोंबू लागले आणि सकाळपासून काळे भुंगे त्यांवर घोंगावू लागले.