थांबलेल्या पवनचक्कीची स्थिरता

मुंबईत उंच इमारतींच्या संरचनेचे काम करणाऱ्याला वाऱ्याचा हिशेब चुकत नाही. भारतीय मानकानुसार या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात आणि इमारत किती डोलेल हे त्यावरून काढतात. याच सवयीने चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांकडे पाहिले, की वादळात यंत्र थांबवले म्हणजे धोका टळला असे वाटते. मोठ्या पवनचक्कीबाबत हे अर्धेच खरे आहे.

15 मेगावॉटच्या टर्बाइनचा रोटर 220 मीटरहून अधिक व्यासाचा असतो आणि पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेसात फेरे घेतो. म्हणजे एक फेरा आठ सेकंदांचा, आणि तीनपैकी कोणते ना कोणते पाते मनोऱ्यासमोरून दर 2.7 सेकंदांनी जाते. मनोऱ्याच्या डोलण्याचा कालावधी या दोहोंच्या मधे ठेवतात, कारण तो एकाशीही जुळला तर साधा वाराही अनुनादाने कंपने वाढवत नेतो. मात्र वारा पडून फेरा बारा सेकंदांवर गेला, की पाते चार सेकंदांनी जाऊ लागते आणि ही जुळणी होऊ शकते. म्हणून नियंत्रण प्रणाली रोटरला तेवढ्या वेगपट्ट्यात रेंगाळू देत नाही.

फिरता रोटर मनोऱ्याला सावरतोही. मनोरा समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे पुढे झुकला की पात्यांवरचा रेटा वाढतो, मागे गेला की कमी होतो, आणि प्रत्येक झोक्यातली थोडी ऊर्जा खर्ची पडते. हे वायुगतिक अवमंदन, म्हणजे वाऱ्यामुळेच कंपने शमणे, पोलादी मनोऱ्याच्या स्वतःच्या अवमंदनाच्या कित्येक पट असते. (आडव्या डोलण्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.) रोटर थांबवून पाती वाऱ्याशी समांतर वळवली की ते जवळजवळ संपते, रेटा कमी होतो हे खरे, पण उरलेल्या कंपनांना आवरणारेही फारसे काही राहत नाही. स्वतःचे अवमंदन जास्त असलेल्या आमच्या काँक्रीटच्या इमारती या बाबतीत सुदैवी म्हणायच्या.

अवमंदन ऋणही होऊ शकते. 1990 च्या दशकात, स्टॉलवर (वाऱ्याचा कोन फार वाढून प्रवाह पात्यापासून सुटण्यावर) शक्ती मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रांत पाती कडेच्या दिशेने थरथरू लागली, कारण स्टॉलनंतर वाऱ्याचा कोन वाढला तरी उत्थापन (पात्याला उचलणारे बल) घटते आणि वारा कंपनातली ऊर्जा शोषण्याऐवजी तिच्यात भर घालतो. थांबलेल्या पात्यांवर वारा तिरका आला तरीही असा कोन सापडतो.

जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 1000 मेगावॉट सागरी पवनऊर्जेसाठी अर्थसाहाय्य मंजूर केले. त्यातला निम्मा वाटा गुजरातच्या किनाऱ्याचा आहे. मे 2021 मध्ये मुंबईला झोडपून गेलेले तौक्ते चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर धडकले होते. चक्रीवादळात वाऱ्याची दिशा काही तासांत फिरते आणि वीजही जाते. मग नॅसेल (मनोऱ्याच्या माथ्यावरची यंत्रपेटी) वाऱ्याकडे वळवणाऱ्या मोटरी बंद पडतात आणि वारा पात्यांना नको त्या कोनातून भिडतो. जपानच्या मियाको बेटावर 2003 च्या माएमी वादळात काही पवनचक्क्या कोसळल्या, तेव्हाही वीज गेलेली होती. माझ्या मते गुजरातच्या निविदांमध्ये मनोऱ्याच्या जाडीइतकीच या मोटरींच्या राखीव विजेची अट काटेकोर हवी, आणि ती वीज वादळाची दिशा पूर्ण फिरेपर्यंत पुरली पाहिजे.